रितिकाताईची भरलेली बाटली

१

चोरी झाली की वस्तू कमी होते, एवढं तर बालवाडीतल्या पोराला कळतं. त्रिमूर्तीनगरातल्या ठाकऱ्यांच्या घरी मात्र गुरुवारी सकाळी एक भलतीच चोरी उघडकीला आली. जी वस्तू चोरीला गेली म्हणायची, ती वाढली होती.

वरच्या खोलीत राहणारी रितिका डोक्याला टॉवेल गुंडाळून जिना उतरली तेव्हा वंदनाताई ठाकरे लोणच्याच्या बरणीचं झाकण ओट्यावर आपटत होत्या. झाकण काही निघत नव्हतं. वंदनाताईंची मुलगी अपेक्षा फ्रिजला टेकून पोहे खात होती. रितिकाच्या कपाळावर आणि कानांमागे लाल चट्टे उठले होते, आणि हातात एक तपकिरी काचेची बाटली होती.

"काकू, माझ्या बाटलीत कोणी काय घातलंय?"

रितिका नाशिकची. हिंगण्याच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला आलेली, रोज उजाडता उजाडता कंपनीच्या बसनं जाणारी. आज तिला सुट्टी होती. ठाकरे वरची खोली अ‍ॅपवर भाड्यानं द्यायला लागल्यापासूनची ही सगळ्यात गुणी पाहुणी.

"हे औषध आहे, काकू. माझ्या डोक्याच्या त्वचेला कुठलाच वास चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी केमिस्टकडून मुद्दाम बनवून घ्यायला लावलंय. अर्धी बाटली राहिली होती. आज डोकं धुतलं आणि आग आग व्हायला लागली. बघते तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली. वास घ्या."

वंदनाताईंनी वास घेतला. मोगरा.

"आणि मी ही खिडकीत ठेवते. सापडली रॅकवर."

हे ऐकून वंदनाताईंचा चेहरा उतरला. वरच्या बाथरूमचा नियम त्यांनीच घातला होता आणि घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. रॅक आपला, खिडकी पाहुण्यांची. रॅकवर घरच्या शाम्पूच्या आणि बॉडीवॉशच्या तपकिरी बाटल्या. खिडकीत पाहुणा जे ठेवेल त्याला कोणी बोट लावायचं नाही, मग तो संपलेला साबण का असेना.

"मला भांडायचं नाहीये," रितिका म्हणाली. "कोणी हात लावला तेवढं कळू द्या. नाहीतर उद्यापासून मला इथे आंघोळीची भीती वाटेल."

"वर एकच बाई जाते पुसाले," वंदनाताई म्हणाल्या, आणि व्हरांड्याकडे वळल्या. "तारा."

तारामावशी फरशी पुसता पुसता उठली.

"मॅडमच्या बाटलीले हात लावला काय तू?"

"नाही ना, ताई."

"मग बाटली काय पायानं चालत गेली रॅकवर?"

"मले काय माहीत, ताई. मी नाही लावला हात."

"हे पाय तारा, खरं सांगशील तर मी काही म्हणणार नाही."

"खरंच सांगून राहिली."

"मग राहू दे. सध्या नको येऊ. मी निरोप देईन."

तारामावशीनं पोछा बादलीत पिळला, उन्हात वाळत घातला, चपला घातल्या. कंपाउंडपलीकडे शेजारच्या यमुताई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांची पाण्याची धार बराच वेळ एकाच कुंडीत पडत राहिली.

अपेक्षा मात्र मान खाली घालून पोहे चिवडत राहिली. कारण त्या बाटलीला हात कोणी लावला, हे घरातल्या एका माणसाला पक्कं माहीत होतं. ते माणूस फ्रिजला टेकून उभं होतं.

२

आता खरं ते सांगून टाकू.

अपेक्षा नववीत. परवाच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली, आणि तेव्हापासून जमिनीवर जरा कमीच चालणारी. कोणाचा डबा कोणी खाल्ला, फळ्यावर सरांचं चित्र कोणी काढलं, असल्या भानगडी सोडवण्यात वर्गात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मंगळवारी तारामावशी भाचीच्या साखरपुड्याला गेली होती, म्हणून वर धुतलेले टॉवेल ठेवायचं काम अपेक्षाकडे आलं. रितिकाताईचे केस म्हणजे काय सांगावं, जाहिरातीतल्या बाईनं लाजावं असे. आणि खिडकीत ती बाटली. अपेक्षाला वाटलं, सगळं गुपित हिच्यातच आहे.

तिनं चमचाभर घेतलं. फक्त चमचाभर. ना फेस, ना वास. ती हिरमुसून केस धूत होती तेवढ्यात खालून आईची हाक आली, "अपू, ऑटो येऊन राहिला वं." मग बाटली ठेवून ती पळाली.

खिडकीत ठेवली होती. नक्की खिडकीतच. गुरुवारी शाळेत गणिताच्या तासाला तिनं हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्यावर विश्वास ठेवायला तिला फार त्रास पडला नाही.

शिवाय तिनं चमचाभर काढलं होतं, घातलं काहीच नव्हतं. म्हणजे बाटली भरणारा कोणी दुसराच. तो सापडला तर तारामावशी परत येईल, आणि चमच्याची गोष्ट काढायची गरजच पडणार नाही. हा विचार सुचल्यावर तिला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण ती तिनं दप्तरात पुस्तकांखाली दाबून टाकली.

संध्याकाळी तिनं घरात जाहीर केलं, "ही केस माझ्याकडे."

मोठा भाऊ जितू बँकेच्या परीक्षेचं पुस्तक तोंडावर धरून लोळत होता. "भैताड," तो म्हणाला, "केस तर रितिकाताईचे जाऊन राहिले. तुझ्याकडे काय येते?"

३

पहिला संशयित अर्थातच जितू. घरातला कोणाचाही डिओ कोणाचाही नसतो, तो जितूचा असतो.

"खरं सांग. वर गेला होता?"

"नाही."

"जितूभाऊ."

"गेलो होतो. एकदा." त्यानं पुस्तक खाली केलं. "तिचा फेसवॉश वापरला. मित्राचा वाढदिवस होता. खिडकीतून घेतला, खिडकीत ठेवला. आईले सांगू नको."

"किती वेळा?"

"दोनदा. वाढदिवस दोन मित्रांचे होते."

"आणि बाटलीत काय घातलं?"

"मी कशाले घालू बे? मी काढणारा माणूस आहे, घालणारा नाही."

हे पटण्यासारखं होतं. जितूनं आयुष्यात पाण्याची बाटलीसुद्धा कधी भरून ठेवली नव्हती.

दुसरी संशयित आई. ती कणीक मळत होती, रोजच्यापेक्षा जरा जास्तच जोरात.

"आई, मोगऱ्याचा तो आपलाच शाम्पू ना? जिन्याखालच्या डब्यातला?"

आईचे हात थांबले. तिनं दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "तुले कसं कळलं?"

"काय कळलं?"

"पाण्याचं." आईनं कपाळावरची बट मनगटानं मागे सारली. "हे पाय, डबा आणला की तो शाम्पू राहते घट्ट. पाहुणे फसाफसा दाबतात. म्हणून मी पाणी घालून हलवून ठेवते. जास्त नाही. अ‍ॅपवर फोटोखाली तर 'प्रीमियम' लिहिलं आहे मी. मले रोज वाटते कोणी विचारेल."

गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाला हवा तेवढा वेळ द्यायचा असतो. अपेक्षानं दिला. मग विचारलं, "आणि डब्यातून बाटल्या कोण भरते?"

"तारा. तेवढं सांगावं नाही लागत तिले. कधीही पाय, बाटल्या भरलेल्या." आईनं कणकेवर बुक्की मारली. "मले काय बरं वाटलं काय तिले तसं बोलून? पण दुसरं कोण जाते वर, तूच सांग."

अपेक्षानं सांगितलं नाही.

ती रितिकाकडून बाटली मागून घेऊन आली. जिन्याखालचा डबा ओढला. त्याच्या झाकणाभोवती फडकं गुंडाळून, डबा दोन्ही पायांत धरून तिनं जितूला बोलावलं, तेव्हा दोघांनी मिळून ते कसंबसं फिरवलं. डब्यातलं थोडं एका तळहातावर, बाटलीतलं दुसऱ्यावर. तोच मोगरा, तोच पातळपणा, बोटांतून तसंच ओघळणारं.

आता डोकं चालवा. चोरून वापरणारा माणूस बाटलीतली कमी झाकायला काय करील? नळ सोडील. नळ हाताशीच आहे. तो जिना उतरून, असला घट्ट डबा उघडून, मापानं ओतून पुन्हा वर जाणार नाही. म्हणजे ज्यानं बाटली भरली त्याला काहीच लपवायचं नव्हतं. तो आपलं नेहमीचं काम करत होता.

आणि आई म्हणते, ते काम ताराचं.

अपेक्षा जिन्याखाली उकिडवी बसून राहिली. सगळा पुरावा नेमका जिच्यासाठी शोधायला निघाली तिच्याच अंगावर येऊन पडला होता.

४

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती सायकल घेऊन तारामावशीच्या घरी गेली. मावशी दारात सूप घेऊन भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होती. तिनं अपेक्षाला पाट दिला, चहा टाकला.

"ताईनं पाठवलं काय?"

"नाही. मीच आली."

"बस मग. तिखटापासून दूर बस, शाळेचे कपडे आहेत."

अपेक्षानं बशीत चहा ओतला. "मावशी, जिन्याखालच्या डब्यातून बाटल्या तू भरते ना?"

"कोणता डबा, शाम्पूचा?" मावशी हसली. "त्याचं झाकण मले कधी उघडलंच नाही वं. पहिल्याच आठवड्यात पिळलं, तर तळव्याले फोड आला. म्हटलं जाऊ दे, ताई भरते तर भरू दे. मी बाटल्या पुसते फक्त."

"आई म्हणते तू भरते."

"आता घ्या."

"मग काल तू बोलली काहून नाही?"

"काय बोलू? हात लावला काय म्हणे. नाही म्हटलं. पुढचं कोणं विचारलं?" मावशीनं एक देठ तोडून फेकला. "तुमच्या घरचं एक वेळ ठीक आहे. आज यमुताईकडे गेली. मी कपाटापाशी झाडून राहिली होती, तर ती उठली आणि माह्यासमोर कपाटाले कुलूप लावलं. किल्ली कमरेले खोचली. इतकी वर्षं झाली, उघडंच राहत होतं ते. काही म्हणाली नाही. हसली उलट."

अपेक्षानं बशी खाली ठेवली. सांगावं? आत्ता, इथंच? तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण जे बाहेर आलं ते होतं, "येते मावशी, अंधार पडेल."

घराकडे सायकल मारताना डोकं मात्र थांबायला तयार नव्हतं. आई म्हणते तारा, तारा म्हणते आई, आणि दोघी खरं बोलून राहिल्या. म्हणजे बाटल्या भरणारा तिसरा कोणी आहे, आणि तो कोणाला न सांगता भरतो. तो डब्याचं झाकण असं आवळतो की काम करणाऱ्या बाईच्या हाताला फोड यावा. तसं झाकण घरात आणखी कशाला असतं?

लोणच्याच्या बरणीला. तुपाच्या डब्याला. फ्रिजमधल्या एकूण एक बाटलीला.

पानठेल्यासमोर अपेक्षाचा पाय पेडलवरून सुटला. तिला माणूस सापडला होता, आणि तो सापडायला नको होता.

५

नानाजी म्हणजे अपेक्षाचे आजोबा. उभी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढलेली. तिथला त्यांचा एकच धडा घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. आपली शिफ्ट सुटताना टाक्या भरलेल्या पाहिजेत आणि झाकणं घट्ट पाहिजेत, येणाऱ्याला काही करावं लागू नये. घरीसुद्धा कूलर, माठ, फ्रिजच्या बाटल्या, अर्धं काही दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

वरची खोली आधी त्यांची होती. ती पाहुण्यांना द्यायची ठरली तेव्हा नानाजी काही न बोलता हॉलमधल्या दिवाणावर आले. पहिल्याच पाहुण्यानं अ‍ॅपवर लिहिलं, की एक म्हातारे गृहस्थ न विचारता वर येतात. आईनं त्यांना सांगितलं, "नानाजी, आता वर नका जात जाऊ." त्यानंतर ते वर गेले नव्हते. असं सगळे समजत होते.

अपेक्षा त्यांच्याजवळ दिवाणावर बसली. नानाजी कानाशी रेडिओ धरून बसले होते. गुरुवारची बोलाचाली अर्धी त्यांच्या कानांमुळे आणि अर्धी त्या रेडिओमुळे त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"नानाजी, वरच्या बाटल्या तुम्ही भरता ना?"

त्यांनी रेडिओ बंद केला. "कोणं सांगतलं?"

"झाकणानं."

नानाजींच्या मिशीत थोडं हसू आलं आणि लगेच गेलं. "वंदनाले नको सांगू गा." ते तिला लाडानं पोराला म्हणतात तसं गा म्हणत. "दुपारी तुम्ही कोणी नसता. खोलीत नाही पाय टाकत मी. बाथरूममध्येच जातो. रॅकवरचं अर्धं दिसलं की भरतो, आणि येतो. बसून बसून काय करू?"

"खिडकीतलं?"

"खिडकीतलं पाहुण्याचं. त्याले कसा हात लावीन?" ते दुखावल्यासारखे झाले. "रॅकवरच होतं सगळं. एक जास्तीची बाटली होती या खेपेले. तशीच तपकिरी, चिठ्ठी नाही काही नाही. म्हटलं वंदनानं नवी ठेवली असेल. अर्धी होती. भरली."

"कधी?"

"मंगळवारी. तारा नव्हती ना त्या दिवशी, म्हटलं पाहून यावं."

मंगळवारी दुपारी बाटली रॅकवर होती. रितिकाताई बाटली खिडकीत ठेवून उजाडताच गेलेली. तारामावशी साखरपुड्याला. जितू काढतो, पण घेतलं तिथंच ठेवतो. म्हणजे सकाळी वर गेलेलं माणूस एकच. त्याच्या हातात टॉवेल होते, डोक्यावर पाणी होतं, आणि खालून हाक येत होती.

आठवलं मग. विसरलं तरी कुठं होतं. ओल्या हातांनी बाटली जी जागा आधी हाताशी आली तिथं टेकवली होती, आणि तो गार, लोखंडी रॅक होता.

"काय झालं गा? कोणाले त्रास झाला काय?"

तिनं सगळं सांगितलं. फक्त शेवटचं सोडून.

नानाजी हातातल्या बंद रेडिओचं बटण फिरवत राहिले. "म्हणजे तारा माह्यापायी गेली," ते म्हणाले, आणि उठायला लागले. "मी सांगतो वंदनाले. आत्ताच सांगतो."

"बसा नानाजी," अपेक्षा म्हणाली. "तुमच्यापायी नाही गेली."

६

शनिवारी संध्याकाळी तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. आई, जितू, नानाजी, रितिका. अशा वेळी गुप्तहेर मधोमध उभा राहतो आणि एकेकाकडे बोट दाखवतो. वक्तृत्वाला उभी राहिली होती तशीच अपेक्षा उभी राहिली. आवाजही सुरुवातीला तोच लागला.

"या घरात चोरी झाली नाही. आपण सगळे विचारत होतो, बाटलीतलं कोणी काढलं. विचारायचं होतं, बाटली कोणी भरली." मग तिनं पातळ शाम्पूचं सांगितलं (आईनं पदर तोंडाशी नेला), डब्याचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. नानाजींनी स्वतःच हात वर केला.

"नानाजी, तुम्ही?" आई म्हणाली.

"त्यांनी नियम पाळला," अपेक्षा म्हणाली. "रॅकवरचं आपलं. नियम मोडला तो मंगळवारी सकाळी ज्यानं बाटली खिडकीतून उचलली आणि रॅकवर ठेवली त्यानं."

इथं तिचा आवाज बसला. स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं.

"कोणं?" जितूनं विचारलं.

"मी. केस धुतले होते. रितिकाताईसारखे व्हावे म्हणून."

आई तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तारा गेली तेव्हा तू फ्रिजपाशी उभी होती," आई हळू म्हणाली.

"हाव."

"पोहे खाऊन राहिली होती."

"हाव."

रितिकानं कानामागे हात नेला आणि परत खाली घेतला. "माझं आठवड्याभरात बरं होईल," ती म्हणाली. "तू विचारलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं, की ते केसांसाठी नाहीच आहे." मग ती आईकडे वळली. "पण मावशींना कोण सांगणार?"

"मी जाते," आई म्हणाली. "मीच काढलं तिले." तिनं नानाजींकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला गेली, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "झाकण जरा ढिलं लावत जा नानाजी. सगळ्यांच्या हाताचं पाहा." नानाजींनी मान हलवली. वर जाऊ नका, असं आई या वेळी म्हणाली नाही.

७

रविवारी सकाळी मायलेकी तारामावशीच्या दारात उभ्या होत्या.

"तुझी काही चूक नव्हती, तारा," आई म्हणाली. "घरातच गडबड झाली. मी बोलायले नको होतं तसं. उद्यापासून ये ना वं."

"येईन." मावशी दारातून हलली नाही. "पण ताई, तुमच्या घरची गोष्ट तुमच्या घरात राहिली नाही. यमुताईच्या कपाटाचं कुलूप कोण काढणार?"

"मी बोलते त्यांच्याशी. गैरसमज झाला म्हणते."

"गैरसमज म्हणाल तर ती मान हलवेल, आणि कुलूप तसंच राहील. नाव सांगा कोणाचं तरी."

आईनं खाली पाहिलं. अपेक्षानं आईकडे पाहिलं, आणि मग मावशीकडे.

"माझं," ती म्हणाली. "बाटली मी उचलली होती. रॅकवर मीच ठेवली."

मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "शुक्रवारी आली होती तू. माह्या घरचा चहा पिऊन गेली."

"हाव," अपेक्षा म्हणाली.

"चल," मावशी म्हणाली, आणि पायांत चपला सरकवल्या.

यमुताईंच्या फाटकाशी आई थांबली. तारामावशी आत आली, पण पायरीपाशीच उभी राहिली. अपेक्षानं घंटी दाबली. यमुताई दार उघडून हसल्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

"अगं, अपेक्षा. काय म्हणते तुझी गुप्तहेरगिरी? सापडला का चोर?"

"सापडला, काकू," अपेक्षा म्हणाली. "ती मीच होती. तारामावशीनं काही केलं नव्हतं."

यमुताईंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला. त्यांनी अपेक्षाच्या खांद्यावरून पायरीकडे पाहिलं. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कपडे झटकत होतं, ते झटकणं थांबलं.

"अपू," मागून मावशीचा आवाज आला. "मोठ्यानं सांग."

अपेक्षानं श्वास घेतला आणि गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.